पुस्तकातला शिंपी

“हे ऐका,” तिने मोबाईल डोळ्यांजवळ धरला. “‘तुमचं पुस्तक एका बैठकीत संपवलं. चकमकी ठीकच, पण तो दोन बोटं तुटलेला शिंपी! दातांत सुई धरून दोरा ओवतो, तिथे रडू आवरेना.’ बघा, शिंप्यावर जीव टाकणारा हा सातवा!”

गुडघ्याला मलम चोळता चोळता नवरा थांबला.

“कुठला शिंपी?”

“असं काय करता अहो? तुम्हा पाच जणांना कापडाच्या गठ्ठ्यांमागे दोन दिवस लपवलं, तो.”

“मी लिहिलं होतं, ‘एका माणसाने आसरा दिला.’ एवढंच.”

ते मात्र खरं होतं. बावीस वर्षं कमांडो म्हणून काढलेला माणूस; आठवणी लिहायला बसला तर नुसत्या वेळा आणि दिशा. मजकूर टाइप करायला बायको. वाटाणे सोलता सोलता तिने त्याच्याकडून एकेक गोष्ट काढून घेतली आणि जिथे फारच कोरडं वाटलं तिथे चार ओळी घुसडल्या. छापून आलेलं त्याने उघडूनही पाहिलं नाही. वाचकांना उत्तरंही तीच लिहायची, त्याच्या नावाने, मोठ्या हौसेने.

“बोटं तुटलेला शिंपी त्या सगळ्या मुलखात एकच आहे,” तो म्हणाला.

आवाज जराही चढला नव्हता.

“इतक्या वर्षांनी कोण बसलंय शोधायला?”

“आम्ही कुणाच्या घरातून निसटलो, हे हुडकणारे अजून आहेत. त्याला दोन मुली आहेत गं.”

तिने लगोलग प्रकाशकाला फोन लावला. पुढच्या आवृत्तीतून ते पान काढा, म्हणाली.

“वहिनी, काहीतरीच काय!” प्रकाशक हसला. “लोक त्या पानासाठीच पुस्तक घेताहेत.”

तिने फोन ठेवला. घरोघरी गेलेल्या प्रती काही परत येणार नव्हत्या.

“गावाचं नाव नाही ना घातलंस?” नवऱ्याने विचारलं.

“नाही हो. शप्पथ.”

“मग जमेल. नदीचं नाव मी लिहिलंय, पण तिच्या काठाला पन्नासेक गावं आहेत; शोधणाऱ्यांना ती सगळी फिरावी लागतील. माझा एक जुना माणूस आहे तिकडे. त्याच्या हाती निरोप धाडतो, आठवड्यात शिंपी तिथून हलेल.”

तो चष्मा शोधू लागला. तिला किंचित हायसं वाटलं. तरी बोटं मोबाईलवरून मागे मागे सरकतच राहिली. आभार, कौतुक, पुन्हा आभार. आणि मध्येच एक साधं, अदबशीर पत्र.

‘आदरणीय महोदय, नकाशा समोर ठेवून आपलं पुस्तक वाचतो आहे. शिंप्याच्या दुकानातून पूल दिसत असे का?’

खाली तिचंच उत्तर होतं, नवऱ्याकडून कधीतरी ऐकलेलं आठवून दिलेलं. ‘हो, अगदी समोर! इतकं बारकाईने वाचता, फार आनंद झाला.’

त्याखाली पुन्हा त्याचं. ‘आभारी आहे. एवढंच हवं होतं.’

तिने तारीख पाहिली. अकरा दिवस झाले होते. नवरा वही उघडून नंबर शोधत होता. त्याच्या पाठीकडे बघत ती कशीबशी म्हणाली,

“अहो... त्या नदीवर पूल किती आहेत?”

“एकच,” तो पान उलटत म्हणाला. “का गं?”