लाल कडेची काच

माह्या घरात नेलपॉलिश बंद म्हंजे बंद. नमाजेच्या आधी हातपाय धुतो ती वजू; नखावर ते असलं की वजूचं पाणी नखापर्यंत पोचत नाही, मंग नमाज कायची? धाकटी नमरा यावरून रोज भांडते. भांडू द्या.

मोठी यूसरा वाशीमच्या कॉलेजात एमेस्सीले. परीक्षेसाठी तिनं कॉलेजातून मायक्रोस्कोप घरी आणला. सोयाबीनच्या तेलातून निघते ते लेसिथिन, मधासारखं चिकट. त्याचा ठिपका काचेवर, वरून पातळ काच, कडेनं पाणी. मी डोळा लावला तं बाई गं! ठिपक्यातून अळ्या निघून राह्यल्या होत्या.

"अळ्या नाही, अम्मी," यूसरा हासली. "याच्या कणाचं डोकं पाण्याकडं धावते, शेपूट पाण्याले भेते. मंग ते आपोआप रांगा लावतात, त्याच्या नळ्या होतात. सकाळपर्यंत त्याच नळ्याचे गोल फुगे होतीन. उद्या मले तेच सरांले दाखवाचं हाय."

पण मे महिना, अन् आमच्या कारंजा गावचं ऊन. फुगे व्हायच्या आधीच काच वाळून जाय. दोन काचा वाया गेल्या, लेसिथिन एका ठिपक्यापुरतं उरलं. मेणबत्तीचं मेण कडेले लावून पाह्यलं, ते तडकलं. पोरगी रडाले लागली.

नमरा गुपचूप उठली. तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला अन् लाल नेलपॉलिशची बाटली काढली!

"ओरडू नको, अम्मी," ती म्हणे. "ज्यातून वजूचं पाणी जात नाही, त्यातून काचेतलं पाणी तरी कसं जाईन?"

ओरडाले उघडलेलं तोंड मी मिटलं. "आन इकडं," म्हटलं. मोहल्ल्यातल्या नवरीच्या हातावर मेंदी मीच काढते, माहा हात हालत नाही. यूसरानं उरलेल्या ठिपक्याची काच लावली, मी तिच्या चारी कडा लाल करून टाकल्या.

सकाळी यूसरानं मले ओढतच नेलं. नळ्या गायब. जागोजागी गोल फुगे, एकात एक बसलेले. काच रुमालात गुंडाळून ती वाशीमच्या एस्टीत बसली. मी दुपारभर जीव मुठीत धरून.

दिवस कलल्यावर, असरच्या नमाजेनंतर फोन आला. "पास झाली, अम्मी! सर म्हणे, कडा लाल काहून? म्हटलं, माह्या बहिणीची मेहेरबानी."

अल्ला, तुहा किती शुक्रिया करू! असं डोकं माह्या घरात देलं, अन् मी त्याच डोक्यावर ओरडत होती.

"नमरा, बाटली आन," मी म्हटलं. ती भेली. मी करंगळी पुढं केली. "लाव. दिवस बुडतीच्या मगरिबीले वेळ हाय अजून. वजूच्या आधी खरवडून टाकीन."