दारावरची टकटक

टकटक झाली तशी इमेल्डाने माझ्या तोंडावर हातच दाबला. "गप्प बैस! जातील आपोआप."

माझी ही थोरली बहीण सप्टेंबरात युनिव्हर्सिटीत आली, आमच्या घराण्यातली पहिली! आणि ऑक्टोबरातच तिचा फोन: "मला घेऊन जा, इथे माझं कुणी नाही." बाबा बोटीवर, आई कामावर. म्हणून मी, सोळा वर्षांची, सात तास व्हॅनमध्ये बसून सेंट जॉन्सला आले. हॉस्टेलच्या खोलीत तिची बॅग भरून तयार होती. रविवारी दोघींनी परतायचं होतं; युनिव्हर्सिटीतून नाव कमी करायचा अर्जही तिने लिहून ठेवला होता.

पावलं दूर गेली. "कोण होतं?" मी विचारलं.

"काय माहीत. सारखं ठोकतात. माझंच काहीतरी चुकलं असणार."

मला हसू फुटलं, मग तिची भीती कळली. आमच्या गावात दार वाजवतं कोण? लोक सरळ स्वयंपाकघरात शिरतात, किटली चढवतात, मग विचारतात, घरात कोण आहे. दार वाजवतात ते पोलीस नाहीतर फादर. काका बुडाले तेव्हा दोघं एकदम आले होते.

"तू गेलीस कुणाकडे?"

"पहिल्याच दिवशी, शेजारी. सरळ आत. ती टॉवेलवर होती गं! अशी किंचाळली!"

मी उठलेच. "कोरा, नको!" इमेल्डा ओरडेपर्यंत दार उघडलंसुद्धा.

एक उंच मुलगी पाठमोरी चालली होती. "ए, तू वाजवलंस?"

ती परत आली, पण दाराबाहेरच थांबली. "मी ग्रेटा, शेजारची. जेवायला येतेस का, एवढंच विचारायचं असतं. ही उघडतच नाही. वाटलं, टॉवेलवरून रागावलीय."

"मी रागावले? किंचाळलीस तू!" इमेल्डा म्हणाली.

"मग काय टाळ्या वाजवायच्या होत्या?"

"आणि एवढं होतं तर आत का नाही आलीस?"

"न विचारता?" ग्रेटाचा चेहरा बघण्यासारखा झाला.

इमेल्डा हसली. हसता हसता रडली, मग नाक पुसून बूट शोधू लागली.

रविवारी सकाळी ती म्हणाली, "ख्रिसमसपर्यंत बघते." मी तिला मिठी मारून खाली धावले.

"दोघी ना?" व्हॅनवाल्याने विचारलं. "तुझ्या बाबांनी दोन जागा सांगितल्यात."

"एकच!" मी ऐटीत म्हटलं.

शेजारची इमेल्डाची सीट मोकळी, सात तास पाय पसरून झोपायची चंगळ. मी पाय वर घेतले, आणि थोड्या वेळाने खाली ठेवले.