काठीवरचं दप्तर

आमच्या माळ्यावरच्या खोलीत प्रवासी उतरतात आणि प्रत्येकाचं डोकं कशावर तरी अडतं. गेल्या खेपेच्या जोडप्याला इथल्या खिडक्यांना पडदे का नाहीत, याची चिंता. या जूनमध्ये आलेल्या स्पॅनिश बाईने नाश्त्यालाच विचारलं, "अहो हानेके, इथे झेंड्याच्या काठ्यांना दप्तरं का टांगलीत?"

"आमच्या देशात पोरं शाळेची शेवटची परीक्षा पास झाली की घरावर झेंडा लावून त्याच्या काठीला दप्तर टांगतात. आठवड्याभरात उतरवतात."

"मग समोरचं ते? ते तर पार विटलंय!"

बाईची नजर चांगली होती. समोरच्या वाउटरच्या दारावरचं दप्तर गेल्या जूनपासून तिथंच होतं. त्याचा मुलगा यॉरिस पास झाला तेव्हा वाउटरने झेंडा लावला, दप्तर टांगलं, अख्ख्या गल्लीला केक खिलवला. त्याच संध्याकाळी पोराने सांगितलं, मला विद्यापीठात जायचं नाही, बोटीवर स्वयंपाकी व्हायचंय.

"बटाटे सोलायला शिकवलं होय रे तुला?" वाउटर ओरडला. मला ते स्वयंपाकघरात ऐकू आलं. खिडकी उघडी होती, माझा काय दोष?

सूर्यास्ताला त्याने नियमाप्रमाणे झेंडा उतरवला. दप्तर राहिलं. सकाळी यॉरिस निघून गेला आणि त्यानंतर त्याचा बापाला फोनसुद्धा नाही.

आमच्याकडे कचऱ्याचा डबा एक दिवस जास्त बाहेर राहिला तरी शेजारी दारावर चिठ्ठी लावतात. दप्तरावरून वाउटरला सगळ्यांनी सुनावलं. मीही सुनावलं, "अरे, चिमण्या घरटं करतील त्यात."

"करू देत. ज्याचं दप्तर त्याने उतरवायचं."

एवढं बोलून तो दार लावून घ्यायचा. त्याला माफी मागता येत नव्हती, एवढीच खरी अडचण. मला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची.

शनिवारी सकाळी गल्लीत आरडाओरडा झाला. बघते तर वाउटर पायजम्यावरच दारोदार फिरतोय आणि त्याच्या दारावरची काठी रिकामी.

"कोणी हात लावला? हानेके, तू?"

"वर्षभर नाही लावला तो आज कशाला लावू?"

"मग तुझ्या त्या पाहुणीने! तीच फोटो काढत होती."

स्पॅनिश बाई जिन्यातच थबकली. मी त्याला चांगलं झापणार होते, पण तो वळून रिकाम्या काठीकडेच बघत होता.

"तेच गेलं तर तो कशासाठी येईल गं आता?" तो म्हणाला.

तेवढ्यात कोपऱ्यावरून सायकल आली. यॉरिस. दाढी वाढलेली, पाठीला तेच विटकं दप्तर आणि त्यातून डोकावणारे पाव.

"बाबा, असा बाहेर काय आलास?" उतरता उतरता तो म्हणाला. "मी पहाटेच आलो. तू झोपला होतास, म्हणून बेल नाही वाजवली. म्हटलं, बेकरीत जाऊन येऊ. पिशवी नव्हती, म्हणून हे काढलं."

वाउटर जवळ गेला, दप्तर चाचपून पाहिलं.

"तळ फाटलाय याचा. पाव पडतील."

यॉरिस सायकल ढकलत पुढे आणि बाप मागून दप्तराला खालून दोन्ही हात लावून, असे दोघे घरापर्यंत गेले. गल्ली सगळी खिडकीत होती, त्यांना पत्ता नव्हता. दाराशी वाउटर थांबला.

"बोटीवर बटाटे कोण सोलतं रे?"

"मीच. रोज पोतंभर."

"बरं. मग आज मी सोलतो," वाउटर म्हणाला.