बाबांच्या पत्रातली रेघ

गार्गीने ‘बाळ’ हा शब्द पडद्यावर आठपट मोठा केला आणि त्याच्यावरची रेघ पुन्हा तपासली. रेघ तुटकी होती. ‘बा’वर एक तुकडा, ‘ळ’वर दुसरा, मध्ये केसभर फट.

अंधेरीच्या स्टुडिओत तिचं कामच हे होतं. कागदावरचं अक्षर जणू कोणी आत्ता लिहितंय, असं व्हिडिओत दाखवायचं. त्यासाठी मूळ हात कुठे टेकला, कुठून वळला, कुठे उचलला, त्याच क्रमाने अक्षर माउसने गिरवावं लागे. मग सॉफ्टवेअर ते हळूहळू उमटवी. जाहिराती, लग्नाच्या पत्रिका, असलं तिने ढिगाने केलं होतं. हे पत्र मात्र बाबांचं होतं. रविवारी मुलुंडला त्यांचं वर्षश्राद्ध, आणि जेवणं झाल्यावर सगळ्या नातेवाइकांना ते टीव्हीवर दाखवायचं ठरलं होतं.

तिने त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केल्यापासून बाबा, म्हणजे श्यामकांत, सहा वर्षं तिच्याशी बोलले नव्हते. ते गेल्यावर धाकट्या भावाने, शौनकने, त्यांच्या सामानात सापडलं म्हणून, हे पत्र आणून दिलं. ‘बाळ, मी चुकलो. तुझ्यावर माझा राग नाही.’ वर्षभर ती या दोन ओळींच्या जिवावर तग धरून होती.

आणि आता ही फट. बाबा कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. शब्दाच्या लांबीची सरळ रेघ ते आधी ओढत आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगत. “आधी दोरी, मग कपडे,” असं तिलाही शिकवायचे. घरात दुसऱ्या कोणाला ते कधी जमलं नाही. गार्गीने ड्रॉवरमधून पत्राचं पाकीट काढलं. त्यावर शौनकने स्वतःच्या अक्षरात ‘ताईसाठी’ लिहिलं होतं. प्रत्येक अक्षराला वेगळी रेघ.

संध्याकाळी शौनक व्हिडिओ बघायला आला. तिने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

“पत्र नक्की कुठे सापडलं रे?”

“कपाटात. पॉलिसीच्या पेपरांमध्ये.”

“मागे तर पलंगाच्या बॉक्समध्ये म्हणाला होतास.”

“ताई, तू काय पोलीस आहेस का?”

तिने बटण दाबलं. पडद्यावर शब्द उमटू लागला. अक्षर, वर तुकडा. अक्षर, वर तुकडा. शौनकचे कान लाल झाले.

“अक्षर झकास काढलंस,” गार्गी म्हणाली. “रेघेने वाट लावली.”

“तुझं रडणं थांबत नव्हतं यार. मला दुसरं काही सुचलंच नाही.”

“म्हणजे बाबा रागातच गेले.”

“नाही ना!” शौनक जवळजवळ ओरडलाच. “रोज सकाळी आंघोळ करून बाहेर आले की पहिलं हेच विचारायचे, गार्गीचा फोन आला होता का? आता हे मी पत्रात कसं लिहिणार?”

गार्गीचा हात माउसवरून खाली आला. बाबांनीच आधी बोलावं, या हट्टापायी सहा वर्षांत तिने त्या घरी एकदाही फोन केला नव्हता.

“मग आई काय सांगायची?”

“सांगायची, आत्ताच येऊन गेला. तुम्ही आंघोळीला होतात.”

“आणि बाबा?”

शौनकने हात पुढे करून व्हिडिओ बंद केला.

“शेवटी शेवटी आंघोळच दुपारी करायला लागले होते.”