बायजासुईणीचं बारसं

या, पुढे या, अगदी चटईवर. लांब बसून कीर्तन ऐकू येतं, पण बुवांच्या चेहऱ्यावरचं हसू दिसत नाही, आणि माझ्या गोष्टीत निम्मं ते हसूच आहे. एका बाईच्या जन्माची गोष्ट सांगतो. जन्मली तेव्हा ती एकसष्ट वर्षांची होती आणि तिच्या तोंडात पान होतं.

एकतीस सालचा चैत्र. आमचं गाव खाडीच्या अलीकडे, संस्थानात. पलीकडे इंग्रजी मुलूख. मधे धर्माजीची होडी. लेकी तिकडे द्यायच्या, सुना तिकडून आणायच्या. हद्द म्हणून काही असतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. ते कळलं रामनवमीच्या सकाळी. देवळात पाळणा सजलेला, दिवेआगरचे बुवा कीर्तनाला उभे राहायच्या तयारीत, मी झांजा पुसतोय, आणि कचेरीतला कारकून दत्तात्रेय जाडजूड वही घेऊन खांबाशी येऊन बसला.

"संस्थानची रयत कोण आणि परकं कोण, ते लिहायचंय," तो म्हणाला. "इथे जन्मला तो रयत, लग्नाची बायको नवऱ्यामागे. बाहेरून येऊन बारा वर्षं सलग राहिला तोही रयत. बाकीच्यांनी अक्षयतृतीयेच्या आत गावातली जागा सोडून पलीकडे जायचं."

सगळ्यात आधी पुढे आली बायजा. आमची सुईण. माझी नाळ तिनेच कापली, माझ्या धाकट्या लेकीचीही.

"जन्म कुठला?"

"पलीकडं किहीमला वाळूत सापडले म्हनं एका कोळनीला. त्याआधीचं मला कसं ठावं?"

"इथे किती वर्षं?"

"बत्तीस."

"सलग? एक रात्रही बाहेर नाही?"

"सलग कसं रं बाबा? पलीकडं बाई अडली की धर्मा होडी घेऊन दारात. परवाच दोन राती तिकडं व्हते. जुळं व्हतं."

दत्तात्रेयाने टाक दौतीत बुडवला. "परकी."

बायजा होती तिथेच खाली बसली. "तिकडं माझं कोन हाय रं?" ती एवढंच म्हणाली.

येसाजी पाटील मिशीला पीळ देत उठले. "आधी माझं नाव लिही. मग बघतो कोण परकं ते."

"जन्म?"

पाटलांचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. कारण पाटील घरातले थोरले. बायकांचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि पाटलांच्या मातोश्रींचं माहेर खाडीपलीकडे. आणि बारा वर्षांत लग्नाकार्याला तिकडे एकही रात्र न काढलेला माणूस गावात नव्हताच.

"पलीकडं," पाटील मिशीतल्या मिशीत म्हणाले.

दत्तात्रेयाचा टाक हवेत. आणि मग देवळात जी कुजबुज सुरू झाली, ती वणव्यासारखी पसरली. अरे, तू थोरला ना? तुझं आजोळ कुठलं? तिकडचंच की! घरटी एक थोरला, आणि निम्म्याहून अधिक थोरले परमुलखातले!

धर्माजीचा धाकटा भाऊ मोरू टाळ्या पिटत उठला. "दादा, बांध गाठोडं! होडी माझी, म्हैस माझी!"

"म्हशीला हात लाव, मग दावतो तुला मुलूख!" धर्माजी ओरडला.

माझी बायको बायकांच्या घोळक्यातून म्हणाली, "अहो, तुम्ही पण थोरलेच, बायजाने पलीकडे जाऊन सोडवलेले. आज जेवायला कुठल्या राज्यात बसणार?" आणि नीराबाई, गावातली सर्वांत म्हातारी, ऐंशीच्या पुढची, काठी आपटत कारकुनापर्यंत गेली.

"तू रं? थोरला का धाकटा?"

"थोरला," दत्तात्रेय पुटपुटला.

"आजोळ?"

"अलिबाग."

"अगो बय! म्हंजे ह्यो पन इंग्रजाचाच!"

देऊळ हसून हसून डोलायला लागलं. बिचाऱ्याला घाम फुटला. दुपारचं जेवण पाटलांकडे ठरलेलं, आणि पाटीलच परके! एकटी बायजा तेवढी हसत नव्हती. आमची थट्टा चालली होती, तिचं घर चाललं होतं.

तेव्हा बुवा पुढे आले. वीणेची तार छेडली आणि म्हणाले, "कारकूनसाहेब, घाबरू नका. श्रीकृष्ण जन्मला मथुरेत, तोही तुरुंगात. पण त्याला मथुरेचा कान्हा कोणी म्हणतं का? बारसं गोकुळात झालं, म्हणून तो गोकुळचा. नाव ठेवल्याशिवाय माणूस वहीत लिहिता येतो का, तुम्हीच सांगा."

दत्तात्रेयाचा चेहरा उजळला. आमच्याकडे बाळंतीण सासरी परतली की मगच बारसं व्हायचं, कारण नाव ठेवायचा मान आत्याचा. त्याने वहीच्या पहिल्याच पानावर ठसठशीत लिहिलं: बारसं जिथे, जन्म तिथे. "पाटील, तुमचं बारसं?"

"इथलं!" पाटील गरजले. सगळे थोरले मायदेशी परतले. मोरूची म्हैस गेली.

नीराबाई मात्र हलली नाही. "बायजे, तुजं बारसं कुठं झालं गो?"

"माजं कुटलं बारसं? कोनी तरी बायजा म्हनून हाक मारली, ती चिकटली."

"झालंच न्हाय?"

"न्हाय."

नीराबाईने दत्तात्रेयाकडे पाहिलं. दत्तात्रेयाने स्वतःच लिहिलेल्या ओळीकडे पाहिलं.

मग काय विचारता! रामाच्या पाळण्यात काही बायजा मावायची नाही, आणि तो देवाचा. मोरूने धावत जाऊन होडीचं शीड आणलं. देवळामागच्या दोन माडांना ते झोळीसारखं बांधलं. बायजा म्हणाली, "मेल्यांनो, पाडाल!" आणि चढली. बारा वाजले, आत रामजन्माचा गुलाल उधळला, बाहेर आम्ही चौघांनी झोका दिला. बायकांनी वरवंटा झोळीच्या वरून-खालून देवाची नावं घेत फिरवला. नीराबाई आत्या झाली. बायजाच्या कानाशी तोंड नेऊन तिने अशी काही "कुर्रर्र" केली, की बायजा खदखदली, माड वाकला, गाठ सुटली आणि बाळ धपकन वाळूवर.

"जन्मले गो बय!" बायजा वाळूत बसून ओरडली. हसत होती की रडत होती, कळेना. आत्याच्या पाठीवर धपाटे घालायची रीत; आम्ही नीराबाईच्या काठीवर घातले.

दत्तात्रेय वाळूतच मांडी घालून लिहायला बसला. "नाव, बायजा. जन्म, चैत्र शुद्ध नवमी, दुपारी बारा. वय, शून्य. आईचं नाव?"

"मी!" माझी आई म्हणाली. "मी!" पाटलीणबाई म्हणाल्या. "मी, मी!" मागून तीस-चाळीस जणी, अगदी गेल्या महिन्यातली बाळंतीणही.

त्याने टाक झटकला आणि त्या रकान्यात गावाचंच नाव लिहिलं. मग वही मिटून हळूच म्हणाला, "बायजाआये, माझ्या बायकोचं पुढच्या महिन्यात, तिच्या माहेरी... बाळंतपण आहे. पहिलंच आहे. येशील?"

"मी आत्ता जन्मले रं," बायजा पदराने गुलाल पुसत म्हणाली, "पन येते."

पुढे सात वर्षं ती खाडीच्या दोन्ही तीरांवर पोरं काढत राहिली. अडतीस साली ती गेली. वहीप्रमाणे सात वर्षांची. संस्थानात एवढ्या लहान मुलीच्या मागे एवढं गाव कधी रडलं नसेल.

आता एकच मागणं. तुमच्या घरी पाळणा हलेल आणि आत्या बाळाच्या कानात "कुर्रर्र" करेल, तेव्हा बाळाचं नाव घ्याच. पण त्याच्या पाठोपाठ, मनातल्या मनात, बायजाचंही घ्या.