गौरीच्या मटणावरचं झाकण

घणसोली गावात पुतळाच्या ओट्यावर मटण शिजतंय.

शिजतंय असं आपलं म्हणायचं. उकळी नाही, शिटी नाही, वाफेचा लोट नाही. काळं, लांबट भांडं, खाली विजेची बैठक, एक लाल दिवा, वर काचेचं झाकण. सून मनस्वीने आणलेला स्लो कुकर. पहाटे मटण, वाटण, घरचा मसाला, सगळं आत गेलं. दुपारी नैवेद्य. आज तिखटाचा सण. गौर माहेरी आलीय, आणि पुतळाच्या घरातून लेक नुसती खीर खाऊन सासरी जात नाही.

पुतळाचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. गणपती यायच्या आधी ओल्या पायरीवर घसरली. डाव्या हाताने चुलीवरचा टोप सांभाळता येत नाही, आणि मोठ्या घरचं हे मटण आजवर दुसऱ्या कुणी ढवळलेलं नाही. धाकटी जाऊ केशरबाई सफरचंदं घेऊन बघायला आली आणि जाता जाता म्हणाली, "वयनी, यंदा तिखटाचं जेवान आमच्याकडं करू. आमचे बिल्डिंगला गच्ची हाय, लिफ्ट हाय. तुमी नुसतं बसून खावा."

"मटन माजेच घरान शिजल."

"आनि नाय शिजलं तं?"

"तं पुढचे सालापासून मान तुजा. मीच येईन तुजेकडं जेवाला."

मनस्वी दारात उभी होती. त्याच संध्याकाळी तिने कुकर मागवला आणि सासूला एकच गोष्ट बजावली. आई, काहीही झालं तरी मध्येच झाकण

पुतळाने झाकण उघडलं.

"आई!"

"नुसतं बगतंय. रंगावरनं समजतं मना."

"बघितलं की वाफ जाते. ही चूल नाही, लाकूड पुढे सारलं की धगधगली. गेलेली वाफ परत यायला अर्धा तास."

"बगन्यानं अर्धा तास? माजी नजर येवडी थंड हाय?"

पण झाकण तिने ठेवलं.

पुन्हा.

घणसोली गावात पुतळाच्या ओट्यावर मटण शिजतंय. अर्धा तास मागे.

पुतळा पाटावर बसून मनस्वीला तांदळाच्या पिठाची उकड कशी मळायची ते तोंडाने शिकवते आहे. बाहेरच्या खोलीत तिचा नवरा धर्मराज गणपतीपुढे पडदा बांधतोय. गौरीला मटण दाखवताना गणपती पडद्याआड असतो. तो आज मोदक खातो आणि काही विचारत नाही. पडदा बांधून झाला. धर्मराज आत आला, पाणी प्यायला, आणि ओट्याशी

झाकण.

"अवो!"

"वास बगत होतो. मस्त हाय," धर्मराज म्हणाला. तो चुकला असं त्याला वाटलंच नाही, कारण या घरात माणूस असाच आत येतो. पाय धुवायचे, देवाला हात जोडायचे, स्वयंपाकघरात जायचं, टोपावरचं झाकण उचलायचं, नाक खुपसायचं, काहीतरी बरं बोलायचं. झाकण न उचलता गेलेल्या पाहुण्याला पुतळा वर्षभर लक्षात ठेवते.

म्हणजे आज येणारा प्रत्येकजण तिचं मटण कच्चं ठेवणार, आणि तेही मायेने.

पुन्हा.

घणसोली गावात पुतळाच्या ओट्यावर मटण आहे.

केशरबाई आली. नवी पैठणी, हातात ओवाळणीचं ताट. गौरीला हळदकुंकू वाहिलं आणि सरळ आत.

"यो काय? डबा झोपलाय काय वयनी? हूं नाय, चूं नाय."

"काकी, ते उघडू नका हां, वाफ जाते," मनस्वी म्हणाली. तिचे दोन्ही हात पिठात होते.

केशरबाईने झाकण उचललं. पळी घातली, एक तुकडा दाबला. पळीखालून तो चेंडूसारखा निसटला.

"कच्चा हाय." तिने आवाज बाहेरच्या खोलीत जाईल एवढा ठेवला. "माजी शेगडी मोठी हाय, वयनी. आताच टोपात काढून नेते. निवदाला वेल नको व्हाला. पुढचे सालापासून काय त्ये बगू."

मनस्वीने सासूकडे पाहिलं. पुतळा पाटावरून उठली. केशरबाईच्या हातातलं झाकण डाव्या हाताने घेतलं, ठेवलं, नीट बसवलं. मग करंडा उघडला. हळदकुंकू डाव्या हाताने लावत नाहीत. प्लास्टरच्या टोकातून उजव्या हाताची बोटं जेवढी बाहेर होती तेवढी तिने हळदीत बुडवली, मग कुंकवात, आणि गरम काचेवर आडवी ओढली. वर विडा ठेवला.

"कुकराला हळदकुंकू?" केशरबाई हसली.

"दसऱ्याला तुजे लिफ्टपुढं नारल फोडतंस ना? मंग." पुतळा वळली आणि तीही बाहेर ऐकू जाईल असं बोलली. "दर साली गौरीचं येगलं आनि मानसांचं येगलं शिजतं. यंदा एकच भांडं. म्हंजे यो सगला निवद. निवदाचा वास आदी कोन घेईल, केशर? तू घेशील? उष्टा निवद गौरीला तू दाखवशील?"

केशरबाईने पळी ठेवून दिली.

घणसोली गावात पुतळाच्या ओट्यावर मटण शिजतंय, आणि आता पाहुणे येतात, पाय धुतात, हात जोडतात, आत येतात, झाकणाकडे हात नेतात, हळदीची बोटं बघतात आणि तोच हात कपाळाला लावून मागे सरतात, काच आतून घामेजते, विड्याचं पान मऊ पडतं, मनस्वीच्या भाकऱ्या आधी नकाशासारख्या आणि मग गोल व्हायला लागतात, केशरबाई दारातल्या खुर्चीवरून हलत नाही, आणि शेवटी मनस्वीच पुतळाच्या कानाशी येऊन म्हणते, "आई, मला टेन्शन आलंय. एकदाच बघू? थोडंसं?"

"तूच बोल्लीस ना, उगडायचं नाय."

"पण नाही शिजलं तर?"

"मटन मी लावलंय. डबा तू आनलास. दोगींतली कोन खोटी हाय?"

मनस्वी पुन्हा पोळपाटाशी गेली.

वेळ झाली. धर्मराजने पडदा ओढला. पुतळाने विडा उचलून गौरीपुढे ठेवला आणि केशरबाईला हाक मारली.

"ये. तूच उगड."

"मी?"

"कच्चा तूच बोल्लीस. पक्का पन तूच बोल."

केशरबाईने झाकण उचललं. वाफ तिच्या चेहऱ्यावर आली, पैठणीवर आली, आणि तिच्यामागून बाहेरच्या खोलीपर्यंत गेली. तिथल्या माना आत वळल्या. वाटीत नैवेद्य काढायला तिने पळी घातली. नळीचं हाड वर आलं. नुसतं हाड. मटण खालीच राहिलं होतं.

"रस्सा पातल हाय," वाटी भरत ती म्हणाली.

"भाकरी कुस्कराला पातलच लागतो."

नैवेद्य दाखवला. पंगत बसली. केशरबाईने दोनदा वाढून घेतलं, पुढच्या सालाचं काही बोलली नाही, पुतळानेही विचारलं नाही. धर्मराज तिसऱ्या भाकरीला रस्सा घ्यायला उठला, झाकण काढलं आणि ते हातातच धरून कुणाशीतरी बोलत राहिला.

"भावजी!" केशरबाई पानावरूनच ओरडली. "झाकन ठेवा त्ये! वाफ जाते!"