काजवालीच्या पाच पट्ट्या

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात एक काजवाली होती. दिवसाला सहाशे काजं करायची नि सुट्टीची घंटा झाली की मागच्या मैदानात बास्केटबॉल खेळायची. नऊ वर्षं ती संघात होती, पण तिची जागा कोणती हे कुणी विचारलं नव्हतं. संघाला जिथे भोक पडेल तिथे ती हजर. कधी बास्केटखाली, कधी रेषेपाशी, कधी समोरच्या उंच बाईच्या काखेखालून बॉल घेऊन पसार.

यंदा गावातल्या कामगार बायकांच्या स्पर्धेच्या अध्यक्षांनी नवा नियम काढला. आयुष्यभर जमिनी मोजून निवृत्त झालेला माणूस. हद्द दिसली नाही तर त्यांना घास उतरत नसे. प्रत्येकीने आपली जागा लिहून द्यायची, त्या जागेच्या नावाची पट्टी खांद्याला लावायची आणि तेवढंच काम करायचं. पॉइंट गार्डने बॉल आणायचा, शूटिंग गार्डने लांबून टाकायचा, पॉवर फॉरवर्डने धक्के सोसायचे, सेंटरने बास्केटखालून हलायचं नाही.

"आणि स्मॉल फॉरवर्डने?" पंचांनी विचारलं.

"उरलेलं सगळं," अध्यक्ष म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर स्वतःच बेचैन झाले.

कारखान्यातल्या चौघींनी आपापल्या जागा लिहिल्या. काजवालीची पाळी आली.

"तुमची जागा?" अध्यक्षांनी विचारलं.

"जिथे कोणी नसेल ती."

"तशी जागा यादीत नाही. सेंटर उरलंय. घ्या, नाहीतर बाहेर बसा."

संघाची कप्तान म्हणजे तिची नणंद, कारखान्यातली कटिंगमास्तर. कापड असो की बोलणं, सरळ कापणारी. "वहिनी, लिहा ना सेंटर! काय झिजतंय तुमचं?"

"वन्सं, मी बास्केटखाली खिळले तर तुम्ही अडकल्यावर बॉल आणायला कोण येणार? तुमचे भाऊ?"

"ते आले तर बॉल हरवतील! पण रविवारी तुम्ही नसाल तर मी पॅकिंगमधली लांबडी घेणार. तिला बॉल गोल असतो एवढं माहीत आहे."

काजवाली घरी गेली नि सुईदोरा काढून बसली. रविवारी ती मैदानात आली ती पाच पट्ट्या घेऊनच. पाचही जागांची नावं, मागे दाबून बसणारी टिचबटणं, खांद्यावर त्यांची जोडीदार बटणं.

अध्यक्षांनी नियमांचं पुस्तक तीनदा उलथंपालथं केलं. पट्टी हवी असं होतं. एकच हवी असं कुठेच नव्हतं.

"खेळा," ते पुस्तक काखेत मारून म्हणाले.

समोर बेकरीचा संघ. शिट्टी झाली. काजवाली बॉल घेऊन निघाली: टिच, पॉइंट गार्ड. वर्तुळाशी पोचली: टिच, शूटिंग गार्ड. बेकरीवालीने कोपर मारलं: टिच, पॉवर फॉरवर्ड, मग कुठे काजवाली कळवळली. उरलेल्या पट्ट्या तिने दातांत धरलेल्या, टाचण्या धरायची सवय ती. बघ्यांच्या नजरांनी बॉल सोडला नि तिचा खांदा धरला. पंच तर बास्केटकडे पाठ करून धावत होते.

तीस-तीस झाले. शेवटचे दोन सेकंद. वन्सं दोघींच्या मध्ये सापडली आणि "वहिनी!" म्हणून तिने बॉल भिरकावला. काजवालीने एक पट्टी काढली होती, दुसरी अजून दातांत होती. उघड्या खांद्यानेच तिने बॉल टाकला. जाळीला न शिवता आत.

अध्यक्ष मैदानात आले. "टाकलात तेव्हा तुम्ही कोण होता?"

"कोणीच नव्हते," ती खरं तेच बोलली.

"मग हे गुण कोणाचेच नाहीत. उघड्या खांद्याची खेळाडू यादीत नाही. यादीत नाही ती मैदानात नाही. बरोबरी! पाच मिनिटं जास्तीची."

वन्सं तावातावाने पुढे झाली, तर काजवालीने तिचा हात धरला.

"साहेब, मैदानात नसलेल्या बाईला बाहेर काढता येतं का?"

अध्यक्षांनी पुस्तक उघडलं, मिटलं. "नाही."

"इकडे जा, तिकडे जाऊ नको, असं सांगता येतं?"

"...सांगणार कोणाला?"

काजवालीने पाचही पट्ट्या त्यांच्या ओंजळीत ठेवल्या, जपून, तान्हं बाळ दुसऱ्याच्या हाती द्यावं तशा. वन्संने आपल्या खांद्यावरचा 'पॉइंट गार्ड' टर्रकन उसवला. मागोमाग इस्त्रीवालीने, मग दोन्ही शिलाईवाल्यांनी. बेकरीवाल्या कुजबुजल्या, हसल्या, आणि त्यांनीही उसवल्या.

शिट्टी झाली. मैदानात नसलेल्या दहा बायका मैदानभर धावू लागल्या. वन्सं, जिने नऊ वर्षांत बास्केटखाली पाय ठेवला नव्हता, हात उंचावून नेमकी तिथेच उभी राहिली आणि पोरीसारखी ओरडली, "वहिनी, इकडे! इकडे टाका!"

काजवालीने टाकला.